माती परीक्षणाआधीच लिहून दिलेला डोस

ताई, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात कृषी केंद्र चालवतो. सहा एकर वावर आहे, विहिरीवर थोडा हरभरा होतो. वय ३१, उंची १६८ सेंटिमीटर. दीड महिन्यापूर्वी वजन ८५ होतं. दुकानात बसून बसून पोट सुटलं, म्हणून तालुक्याच्या जिममध्ये नाव टाकलं. आठवड्यातून चार दिवस सकाळी जातो. तिथल्या सरांनी १२०० कॅलरीचा कागद दिला: सकाळी ग्रीन टी, तीन अंड्यांचा पांढरा भाग, दुपारी एक पोळी, भाजी आणि काकडी, संध्याकाळी सफरचंद, रात्री दोन पोळ्या, भाजी, पातळ वरण, घासभर भात. मी तो पाळतो. दुकानात गिऱ्हाईक आलं की चहा घ्यावाच लागतो, मधे भूक लागली तर मूठभर फल्लीदाणे. बाकी काही नाही. आज वजन ८२ आहे, पण पोट तसंच. कंबर नाभीजवळ ९८ सेंटिमीटर, आधी ९९ होती. उलट दंड गेले, छाती बसली. पहिल्या महिन्यात बेंच प्रेसला ४० किलो उचलत होतो, आता ३५ ला हात थरथरतात. उठलं की कधी कधी डोळ्यासमोर अंधारी येते. सर म्हणतात, आधी बारीक हो, बॉडी मग बनवू. मित्र म्हणतो, आधी खाऊन बॉडी बनव, पोट मग काढू. सरांनी एक प्रोटीन पावडरही सांगितली आहे, सुटी मिळते, स्वस्तात. आई माळकरी आहे, घरात अंडं चालत नाही. ती रोज म्हणते, 'पोट्टा वाळून चाल्ला, कोनाची नजर लागली काय मालूम.' वडिलांना शुगर आहे. मी नेमक्या किती कॅलरी खाऊ?

भाऊ, तुमच्या प्रश्नाचा आकडा आधीच सांगून टाकते: दिवसाला २००० च्या आसपास. म्हणजे तुम्ही आज खाताय त्याहून जास्त. दचकू नका, हिशेब पुढे मांडते. तुमचा धंदाच वह्यांचा आहे, तुम्हाला तो माझ्यापेक्षा लवकर कळेल.

त्याआधी एक कबुली. वीस वर्षांपूर्वी आहारतज्ज्ञ म्हणून नवीन होते, तेव्हा मीही असेच छापील कागद वाटायची. १२०० चा, १५०० चा, १८०० चा, असे तीन गठ्ठे टेबलावर असायचे. समोरच्याकडे बघायचं आणि एक कागद काढून द्यायचा. एकदा आर्वीकडचे एक शेतकरी काका म्हणाले, 'मॅडम, आमच्या वावराची माती न पायता कोनी डोस लिहून देल्ला तं आमी त्याले दुकानातून हाकलतो.' त्या दिवशी ते गठ्ठे रद्दीत गेले. तुमच्या सरांचा १२०० हा असाच माती न बघता लिहिलेला डोस आहे.

आता तुमची माती बघू. शरीर काहीही न करता, नुसतं पडून राहिलं तरी श्वास, हृदय, मेंदू, यकृत यांना ऊर्जा लागते. ती मोजायचं एक सूत्र १९९० मध्ये अमेरिकेत मिफ्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवलं आणि आजही आम्ही तेच वापरतो. पुरुषांसाठी ते असं: वजनाला १० ने गुणा, उंचीला ६.२५ ने गुणा, दोन्हींची बेरीज करा, त्यातून वयाची पाचपट वजा करा, शेवटी ५ मिळवा. तुमचे झाले ८२० अधिक १०५०, वजा १५५, अधिक ५, म्हणजे १७२०. हा झाला पडून राहण्याचा खर्च. दिवसभर काउंटरमागे बसणारा आणि आठवड्यातून चारदा वजनं उचलणारा माणूस याच्या साधारण १.४ पट खर्च करतो. म्हणजे २४०० च्या आसपास. एवढं खाल्लं तर वजन जागच्या जागी राहील.

सूत्रावर विश्वास नसेल तर दुसऱ्या वाटेनेही तिथेच पोचता येतं, आणि ती वाट तुमच्या पत्रातच आहे. तुम्ही १२०० खाता असं म्हणता. मी तुमचं पत्र घेऊन बसले आणि बेरीज केली. कागदावरचं जे जेवण आहे ते १२०० सुद्धा भरत नाही, कसंबसं ८५० ते ९०० होतं. पण चहा? 'गिऱ्हाईक आलं की' म्हणजे दिवसाला किती? कृषी केंद्रात सात कप तरी होतच असतील. म्हशीचं थोडं दूध आणि दोन चमचे साखर घातलेला अर्धा कप चहा ७० कॅलरीच्या घरात जातो. सात कपांचे झाले ४९०. फल्लीदाण्याची एक मूठ ३० ग्रॅम धरली, दोनदा खाल्ली, तर त्याच्या ३४०. म्हणजे तुमचा खरा आकडा १७०० च्या वरच आहे, १२०० नाही.

यात लाजायचं कारण नाही. १९९२ मध्ये अमेरिकेत अशा माणसांवर एक अभ्यास झाला, जे म्हणत होते की आम्ही १२०० च्या आत खातो तरी वजन उतरत नाही. मोजणी केली तेव्हा कळलं की ते खात होते त्याच्या जवळजवळ निम्मंच सांगत होते. त्यांना फसवायचं नव्हतं. तोंडात गेलेलं प्रत्येक खाणं माणसाला जेवण वाटत नाही, एवढंच. चहाला तर आपल्याकडे कोणी खाण्यात धरतच नाही.

तर १७५० धरू. सहा आठवड्यांत तीन किलो गेले. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात, या हिशेबाने रोज सरासरी ५५० ची तूट पडली. १७५० आणि ५५०, म्हणजे २३००. सूत्र २४०० म्हणतं, तुमचा काटा २३०० म्हणतो. दोन्ही वाटा एकाच गावात आल्या.

मग तूट तर बरोबर पडत होती, वजनही उतरलं, तरी पोट तिथेच आणि दंड गायब का? याचं उत्तर तुम्ही रोज गिऱ्हाइकांना देता. पऱ्हाटीला नुसता युरिया मारला तर काय होतं? झाड माजतं, हिरवंगार दिसतं, पण बोंडं धरत नाही. डोस म्हणजे नुसतं पोतं नव्हे, त्यात नत्र किती, स्फुरद किती, पालाश किती हे बघावं लागतं. कॅलरी म्हणजे पोत्याचं वजन. आत काय आहे हे बघायचं राहूनच गेलं. तुमच्या ताटातली प्रथिनं, म्हणजे प्रोटीन, मी मोजलं: चहातलं दूध आणि फल्लीदाणे धरूनही पन्नास ग्रॅम. तूट पडली की शरीर साठ्यातून काढतं. साठा चरबीचाही असतो आणि स्नायूंचाही. तुम्ही वजनं उचलून त्याला सांगताय की स्नायू लागणार आहेत, ठेव. पण ते ठेवायला लागणारा माल देत नाही. मग ते कंबरेवरचं थोडं नेतं, दंडातलं थोडं नेतं. काट्याला दोन्ही सारखेच दिसतात.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २०१६ मध्ये एक प्रयोग झाला, तो तुमच्यासाठीच केल्यासारखा आहे. जड तरुण मुलं, चार आठवडे कडक व्यायाम, आणि गरजेपेक्षा ४० टक्के कमी कॅलरी. दोन गट. एकाला वजनाच्या किलोमागे १.२ ग्रॅम प्रथिनं, दुसऱ्याला २.४. कमी प्रथिनंवाल्यांची साडेतीन किलो चरबी गेली आणि स्नायू होते तेवढे राहिले. जास्तवाल्यांची ४.८ किलो चरबी गेली आणि वर १.२ किलो स्नायू चढले. अर्धपोटी, बरं का! एवढी मोठी तूट मी तुम्हाला मुळीच सुचवत नाही. त्या मुलांवर रोज देखरेख होती आणि खाणं मोजून मिळत होतं. पण 'आधी बारीक की आधी बॉडी' या तुमच्या सरांच्या आणि मित्राच्या भांडणाचा निकाल त्यातून लागतो. नवीन माणूस, अंगावर चरबी, वजनं उचलायला नुकतीच सुरुवात: अशांना दोन्ही एकदम जमतं. तुम्ही या तिन्हीत बसता. दहा वर्षं जिम केलेल्या, अंगावर चिमूटभर चरबी नसलेल्या माणसाला हे अवघड आहे, त्याला एक काहीतरी निवडावं लागतं. तुम्हाला तो प्रश्न यायला अजून बराच वेळ आहे.

तर २३००-२४०० मधून ३०० ते ३५० कमी करा. २००० ते २०५०. आणि प्रथिनं रोज १०५ ते ११५ ग्रॅम. सध्याच्या ८२ किलोवर न काढता जिथे पोचायचंय त्या ७२ किलोवर, किलोमागे फार तर १.६ ग्रॅमप्रमाणे हा आकडा काढलाय, कारण चरबीला प्रथिनं भरवायची नाहीत.

आता हे येणार कुठून? मला इथे थोडं रागावायचं आहे, तुमच्यावर नाही, आपल्या सगळ्यांवर. आपला अर्धा विदर्भ तूर, हरभरा आणि सोयाबीन पिकवतो. तिन्ही प्रथिनांच्या खाणी आहेत. आणि आपल्याच घरात वरण कसं असतं? गंजात, म्हणजे पातेल्यात, वर पिवळं पाणी, खाली तळाला डाळ. पुरुष माणूस आधी जेवतो, त्याच्या भातावर वरचं पाणी येतं. पळी तळापर्यंत घालायची तसदी कोणी घेत नाही. एक वाटी वरण खाल्लं असं आपण म्हणतो, त्यात कोरडी डाळ पंधरा ग्रॅमही नसते, म्हणजे प्रथिनं तीन ग्रॅम. सोयाबीन सोंगायचं, काढायचं, पोत्यात भरून बाजार समितीत टाकायचं. तेल काढलेला चोथा कारखान्यातून वडी होऊन पुडीत परत येतो आणि तो आपण 'शहरातलं खाणं' म्हणून नाक मुरडून बघतो. शंभर ग्रॅम कोरड्या सोयाबीन वडीत ५० ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. तुमच्या सरांच्या पावडरीच्या खालोखाल.

घरचंच सोयाबीन वापरायचं तर एक सांगते: कच्चं किंवा अर्धवट भाजलेलं खाऊ नका. त्यातल्या एका घटकामुळे प्रथिनं पचायला अडथळा येतो आणि पोट बिघडतं. रात्रभर भिजवा, पाणी टाकून द्या, कुकरमध्ये नीट शिजवा, मग उसळ करा. दळायचं तर उकडून, वाळवून, भाजून. नऊ किलो गव्हाला एक किलो, त्याहून जास्त नको, पोळी कडवट लागते.

एक दिवस लिहून देते. हा कागद नाही, नमुना आहे, तुम्ही तो मोडालच. जिमच्या आधी एक केळं आणि कमी साखरेचा अर्धा कप चहा. जिममधून निघताना चौकातल्या अंडेवाल्याकडे चार उकडलेली अंडी, पिवळ्यासकट. पांढरं खाऊन पिवळं कुत्र्याला टाकायचं हे मला कधी समजलं नाही. अंड्यातली निम्म्याला टेकतील एवढी प्रथिनं त्या पिवळ्यात असतात. चार अंड्यांत २५ ग्रॅम प्रथिनं आणि २९० कॅलरी. आईच्या स्वयंपाकघराला हात लागला नाही, त्यांची माळ आणि तुमचा दंड दोन्ही शाबूत. दुपारी दोन पोळ्या, ६० ग्रॅम कोरड्या तुरीच्या डाळीचं घट्ट वरण, दोन चमचे तेलातली पालेभाजी, वाटीभर दही. इथे साधारण ६३० कॅलरी आणि २८ ग्रॅम प्रथिनं. चार-पाच वाजता दुकानात फुटाणे, ४० ग्रॅम. फल्लीदाणे वाईट नाहीत, पण त्यांत निम्मं तेल असतं. तेवढ्याच वजनाच्या फुटाण्यांत कॅलरी पाऊणपटीहूनही कमी. रात्री ५० ग्रॅम सोयाबीन वडीचा रस्सा, वर सांबार (कोथिंबीर) भुरभुरून, एक ज्वारीची भाकर, कांदा-मुळा हवा तेवढा. झोपताना गाईचं दूध पेलाभर, बिनसाखरेचं. दिवसाचे दोन चहा धरून हे सगळं १९५० कॅलरीला आणि १०५ ग्रॅम प्रथिनांना येतं. उरलेल्या पन्नासात दुपारी चार घास भात. आणखी दहा ग्रॅम प्रथिनं हवी असतील तर वीस ग्रॅम वडी जास्त टाका. मित्राकडे चिकन असेल त्या रात्री वडीला सुट्टी: दोनशे ग्रॅम बिनहाडाचं चिकन म्हणजे ४५ ग्रॅम प्रथिनं, तर्रीवरचं तेल बाजूला सारलं तर.

तेलाचं तेवढं नीट बघा. आपल्याकडे सगळ्यात जास्त चोरी तिथे होते. एक मोठा चमचा तेल १२० कॅलरी. पाटोडीच्या रश्श्यावर जो लाल थर तरंगतो तो एकटाच दोन पोळ्यांना भारी पडतो. मोजायचं कसं? रोज नका मोजू, वेड लागेल. पहिले दहा दिवस कोरडी डाळ, कोरडं पीठ, कोरडी वडी आणि तेल तेवढं मोजा. आपली वाटी, आपली पळी, आपल्या घरची पोळी किती वजनाची हे एकदा कळलं की डोळाच काटा होतो. दुकानातला वजनकाटा मात्र घरात आणू नका, त्यावर काय काय तोललं गेलंय हे तुम्हाला माहीत आहे. चारपाचशे रुपयांचा छोटा काटा घ्या.

आता चहा. सात कप बंद करा असं मी म्हणणार नाही, तुमचा धंदा चहावर चालतो. पण गिऱ्हाइकाला पाजायचा आणि स्वतः प्यायचा यात फरक करता येतो. तुमच्यासाठी कपात अर्धीच साखर, दिवसाला दोन, फार तर तीन. बाकी वेळा कप हातात धरून बसा, कोणी तपासत नाही. फक्त चहातच तुमच्या तीनशे कॅलरी वाचतात, आणि त्या तीनशेत घट्ट वरण अधिक अर्धी भाकर येते. दारूचं तुम्ही लिहिलं नाहीत, मीही विचारत नाही. १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये सव्वाचारशेच्या आसपास कॅलरी असतात, चकणा वेगळा, इतकंच नोंदवून ठेवते.

उपवासाचं बघा. आईंबरोबर एकादशी करत असाल तर साबुदाण्याच्या उसळीची एक भरलेली ताटली सातशेच्या घरात जाते: साबुदाणा शंभर ग्रॅम, त्यात दाण्याचं कूट, वरून तूप. प्रथिनं जेमतेम आठ ग्रॅम, तीही कुटातली. साबुदाण्यात जवळजवळ नाहीतच. भगर, दही, दूध आणि थोडे दाणे यावर दिवस काढा. थंडीत वावरात रोडग्यांची पंगत बसली तर जा, पोटभर जेवा, वांग्याची भाजी दोनदा घ्या. दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो वर दिसेल. ती चरबी नसते. पिठातलं पिष्ट शरीर साठवतं तेव्हा आपल्या वजनाच्या तिप्पट पाणी सोबत घेऊन साठवतं, वरून मीठ. तीन दिवसांत उतरतं. तो काटा बघून दुसऱ्या दिवशी उपाशी राहिलात तर माझ्याशी गाठ आहे.

काट्यावर कसं चढायचं तेही. रोज सकाळी, पोट साफ झाल्यावर, काही न पिता. आकडा दुकानाच्या वहीत मागच्या पानावर लिहा. एका दिवसाच्या आकड्याला किंमत नाही. सात दिवसांची सरासरी काढा आणि मागच्या सात दिवसांशी ताडून बघा. दर रविवारी शिंप्याची टेप घेऊन श्वास सोडून नाभीपाशी कंबर मोजा. आणि त्याच पानावर जिमची वजनं. सरासरी आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरतेय, कंबर कमी होतेय, उचलायची वजनं वाढताहेत: काही बदलू नका. पाऊण किलोच्या वर उतरायला लागलं आणि हात पुन्हा थरथरायला लागले तर एक भाकर वाढवा. दोन आठवडे वजनही हललं नाही आणि कंबरही, तर दीडशे कॅलरी काढा, म्हणजे एक पोळी आणि एक लहान चमचा तेल. पण वजन तिथेच असून कंबर उतरली आणि बेंच वाढला, तर घाबरून सरांकडे धावू नका. चरबी जाऊन स्नायू येताहेत, तुम्हाला हवं होतं तेच चाललंय.

जिमचं मी थोडक्यात सांगते, तो माझा प्रांत नाही. चार दिवस पुरेसे. बैठका, डेडलिफ्ट, बेंच, खांद्यावरची प्रेस, पाठीचं ओढणं, हे पाच नेम धरून करा. आठ-दहा वेळा नीट जमलं की अडीच किलो वाढवा. पोटाचे व्यायाम शंभर केले म्हणून पोटाची चरबी जात नाही, शरीर कुठून काढायचं ते स्वतः ठरवतं, आणि पुरुषांत पोटाचा नंबर बहुधा शेवटी लागतो. मे महिन्यात ४५ अंशाला दुपारी जिमच्या पत्र्याखाली जाऊ नका, पहाटेच उरका, ताकात मीठ घालून प्या.

तुमचा खर्च वर्षभर सारखा राहणार नाही, हे शहरातल्या कोणत्याही तक्त्यात सापडायचं नाही. पेरणीच्या दिवसांत दुकानातून उठायला फुरसत नसते, पण पोती उचलता. सोयाबीनची सोंगणी आली की दहा-बारा दिवस वावरातच. तेव्हा २००० वर राहिलात तर पुन्हा अंधारी येईल. सोंगणीच्या दिवसात दोन भाकरी आणि वाटीभर वरण वाढवा, जिम बंद ठेवली तरी हरकत नाही. आमच्या वडिलांच्या पिढीत अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं मोठं वेड होतं. १९१४ पासूनची संस्था ती. तिथल्या पैलवानांच्या दूध-तूप-बदामाच्या खुराकाच्या गोष्टी ऐकत आम्ही वाढलो. त्या गोष्टींत पहाटेपासूनचे जोर, बैठका आणि माती सांगायची राहून जायची. खुराक आठवते, मेहनत विसरते, आणि तूप पोटावर बसतं. तुमचा मित्र याच गोष्टी ऐकून बोलतोय.

हरभऱ्याच्या ओलिताला रात्रीची लाइन असते तेव्हाही असंच. रात्री दोनला मोटार चालू करायला गेलात तर सकाळी साडेपाचला जिमला जाऊ नका, झोपा. शिकागो विद्यापीठाने २०१० मध्ये एकाच माणसांना दोन आठवडे साडेआठ तास आणि दोन आठवडे साडेपाच तास अंथरुणात ठेवून बघितलं, खाणं तेच, कमीच. वजन दोन्ही वेळा सारखं उतरलं. पण कमी झोपेत चरबी निम्म्याहूनही कमी गेली, स्नायू जास्त गेले. लाइनचं वेळापत्रक तुमच्या हातात नाही, जिमचं आहे.

पावडर. तुम्ही सुटं, बिनपावतीचं, बिनलेबलचं बियाणं विकता का? कोणी दारात घेऊन आला तर काय म्हणता? तेच सरांना म्हणा. सुटी पावडर कितीही स्वस्त असली तरी नको, आत काय मिसळलंय ते सांगणारा कोणी नसतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत बॉडी बनवण्यासाठी अशा पावडरी टाळायलाच सांगितलं आहे. मी स्वतः एवढी कडक नाही: कधी जेवण हुकलं तर बंद डब्यातली, परवाना क्रमांक आणि बॅच असलेली व्हे पावडर एक माप, २४ ग्रॅम प्रथिनं, चालेल. पण ती दुधातलीच प्रथिनं आहेत, जादू नाही, आणि तुमच्या दिवसात तिची गरज मला दिसत नाही. चरबी जाळायच्या गोळ्या आणि कोणी 'कोर्स' म्हणून इंजेक्शन सांगितलं तर ती जिम सोडा. यावर चर्चा नको.

आणि हे आधी करा, बाकीचं नंतर: वडिलांना शुगर आहे, तुमची कंबर ९८ आहे. आपल्याकडच्या पुरुषांना ९० च्या वर धोका धरतात, गोऱ्या लोकांचे आकडे आपल्याला लागू होत नाहीत. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षं हेच दाखवून दिलं की त्याच वजनाच्या युरोपातल्या माणसापेक्षा आपल्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. म्हणून तुमचं वजनं उचलणं बॉडीपुरतं नाही, स्नायू हे रक्तातली साखर रिचवायचं सगळ्यात मोठं कोठार आहे. ग्रामीण रुग्णालयात जाऊन उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी, किडनीचं काम सांगणारं क्रिएटिनिन आणि रक्तदाब तपासून घ्या. अंधारी येते हे डॉक्टरांना सांगा. क्रिएटिनिन वाढलेलं निघालं तर मी वर लिहिलेली प्रथिनं बाजूला ठेवा आणि त्यांचं ऐका. नीट निघालं तर डाळीने किडनी खराब होते असं सांगणाऱ्याकडे लक्ष देऊ नका.

राहिल्या आई. त्यांच्यापुढे डाएट, कॅलरी, प्रोटीन यातला एकही शब्द काढू नका. फक्त म्हणा, 'आई, वरण घट्ट कर, अन् पळी तळातून काढ.' पोरगा जेवण मागतोय म्हटल्यावर नजर आपोआप उतरेल. त्यांच्याही ताटात तळातलंच वाढायला सांगा, कारण मला खात्री आहे की आजवर त्यांच्या वाट्याला उरलेलंच येतंय, आणि त्या वयात त्यांचे स्नायू तुमच्याहून लवकर झिजतात. वडिलांना शुगर असल्यामुळे भात कमी आणि घट्ट वरण जास्त हे त्यांच्याही सोयीचं आहे, औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून.

चार आठवड्यांनी वहीचं ते मागचं पान फोटो काढून पाठवा. सरासरी वजन, कंबर, बेंच, तीनच रकाने. आणि कोपऱ्यावरच्या चहावाल्याला आजच सांगून या, तुमच्या कपात अर्धी साखर. तो उद्या विसरेल. परवा पुन्हा सांगा.